‘आम्ही कळवू’ : पन्नाशीचा उमेदवार आणि ‘बाजाराचा कायदा’

मागच्या व्याख्यानानंतर एकदोघांनी मला विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाचा माणूस सिनेमावर कशाला बोलतो? खरं सांगायचं तर सिनेमातलं तंत्र मला कळत नाही. कॅमेरा कुठे ठेवला, भिंग कुठलं लावलं, ते जाणकारांनी सांगावं. पण काही चित्रपट असे असतात की त्यांच्यात एखादा युक्तिवाद चाललेला असतो, आणि युक्तिवाद तपासायचा म्हणजे आमचाच धंदा झाला. आज ज्या चित्रपटाबद्दल बोलणार आहे त्यातला युक्तिवाद अर्धा अत्यंत भक्कम आहे आणि अर्धा, माझ्या मते, फसलेला आहे. दोन्ही सांगतो.

चित्रपट फ्रेंच आहे. ‘ला ल्वा द्यु मार्शे’, म्हणजे शब्दशः ‘बाजाराचा कायदा’. २०१५ सालचा. दिग्दर्शक स्तेफान ब्रिझे. इंग्रजीत त्याला ‘द मेझर ऑफ अ मॅन’ असं नाव दिलं, आणि तिथेच थोडा घोटाळा झाला, कारण मूळ नाव बाजाराबद्दल बोलतं आणि इंग्रजी नाव माणसाबद्दल. त्याच्याकडे नंतर येतो. नायक तिएरी, वय एक्कावन्न. कारखान्यात यंत्रावर काम करणारा कामगार. कारखान्यातून सगळ्यांबरोबर तोही बाहेर पडला, आणि दीड वर्षाहून जास्त काळ घरी आहे. बायको आहे, अपंग पण हुशार मुलगा आहे, घराचं कर्ज आहे. व्हँसाँ लँदों या नटाने हे काम केलं आणि कान महोत्सवात त्याला सर्वोत्तम अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. लँदों सोडला तर बाकी जवळपास सगळे नट नव्हेतच. म्हणजे बँकेतली बाई, सल्ला देणारा माणूस, दुकानातले लोक, हे आपापल्या आयुष्यातून उचलून आणलेले. हे लक्षात ठेवा, त्याला महत्त्व आहे.

सुरुवातच कशी आहे बघा. तिएरी रोजगार कार्यालयात बसलाय आणि समोरच्या अधिकाऱ्याशी वाद घालतोय. विषय काय? त्याला क्रेन चालवण्याचं प्रशिक्षण घ्यायला लावलं. त्याने ते इमानदारीने पुरं केलं. मग कळलं, की बांधकामावर आधी काम केल्याचा अनुभव नसेल तर क्रेनवर कुणी घेतच नाही. मग हे आधी का नाही सांगितलं? समोरचा माणूस वाईट नाही. तो ऐकून घेतो, मान डोलावतो, आणि दुसरं एखादं प्रशिक्षण सुचवतो. झालं. एवढाच प्रसंग. आपल्याकडे ‘कौशल्य विकास’ या शब्दाची जी चलती आहे, तिच्याबद्दल मी दहा भाषणं ऐकली असतील, पण या पाचसहा मिनिटांत जे कळतं ते त्यांत कळलं नाही. प्रशिक्षण इथे कामाकडे नेत नाही. ते वाट बघण्याचा काळ भरून काढतं.

पुढचा प्रसंग मुलाखतीचा. स्काईपवरची मुलाखत. घरातल्या घरात, संगणकासमोर. पलीकडून आवाज येतो. सभ्य आवाज. विचारतो, की पूर्वी होतात त्याहून खालच्या पदावर काम कराल का? कराल. पगार कमी असेल, चालेल? चालेल. वेळा इकडेतिकडे झाल्या तर? चालेल. प्रत्येक ‘चालेल’ला हा मनुष्य एक एक पायरी खाली उतरतोय, आणि स्वतःच्या तोंडाने उतरतोय. शेवटी तो आवाज त्याला बायोडेटा नीट लिहिलेला नाही असं सांगतो, आणि मग, अगदी प्रामाणिकपणे, तुम्हाला घेण्याची शक्यता फारच कमी आहे, तरी आम्ही कळवू, असंही सांगतो.

मंडळी, या सगळ्यात ‘तुमचं वय जास्त आहे’ असं कोण म्हणतं? कुणीच नाही. नाकारण्याचं कारण म्हणून वय कुणी पुढे करत नाही. ब्रिझेला कळलेली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. जातीचा अपमान करणारा निदान कधीतरी तोंड उघडतो. वयाच्या बाबतीत तोंड उघडायची गरजच पडत नाही. ‘झेपेल का?’, ‘तुम्ही जरा ओव्हरक्वालिफाइड आहात’, ‘आमची टीम तरुण आहे’, ‘तुम्हालाच इथे अवघडल्यासारखं होईल’. यांतलं प्रत्येक वाक्य काळजीने बोललेलं आहे. नकार मिळालेल्याने वर ‘थँक्यू’ म्हणून उठायचं.

आता मी माझंच एक सांगतो. हे मी आजवर व्यासपीठावरून बोललो नाही.

निवृत्त व्हायच्या आधीची गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयात निवड समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून गेलो होतो. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण दोष कॉलेजचा नव्हता. आमच्या क्षेत्रातली तासिका तत्त्वावरची मंडळी तुम्हाला ठाऊक आहेत. तासाला इतके रुपये, उन्हाळ्याची सुट्टी बिनपगारी, दर जूनमध्ये नव्याने अर्ज. पदं भरली जात नाहीत, आणि पोरं तासिकेवर वाट बघता बघता पोरं राहत नाहीत. त्या दिवशी असे एक गृहस्थ आले होते. बावन्न वर्षांचे. सेट झालेले, पीएच.डी. झालेली, दोन तालुक्यांतल्या तीन कॉलेजांत मिळून वीसेक वर्षं शिकवलेलं. न्यायदर्शनातल्या अनुमानावर मी मुद्दाम अडचणीचा प्रश्न विचारला, आणि त्यांनी जे उत्तर दिलं ते मी पुढच्या वर्षी माझ्या वर्गात वापरलं. खोटं कशाला बोलू!

कायद्याने त्यांचं वय आड येत नव्हतं. हे नीट समजून घ्या. नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला वयाची अट आहे, साहाय्यक प्राध्यापकाच्या पात्रतेला वरची मर्यादा नाही. कागदावर रस्ता मोकळा. आणि आम्ही समितीतले चौघेपाचजण, सगळे साठीच्या आसपासचे (हे बघा गंमत!), त्या बावन्न वर्षांच्या माणसाला म्हातारा ठरवत होतो. कुणीतरी विचारलं, रोजचा प्रवास झेपेल का? कुणीतरी म्हणालं, नॅकचं काम असतं, धावपळ असते. मी काय म्हणालो? मी म्हणालो, ‘तुमच्या योग्यतेच्या मानाने ही जागा फार लहान आहे.’ मला वाटलं मी त्यांचा मान राखला. जागा एकोणतिशीच्या एका मुलाला गेली. मुलगा चांगलाच होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही.

संध्याकाळी एस.टी. स्टँडवर ते गृहस्थ भेटले. जवळ आले, नमस्कार केला, आणि म्हणाले, ‘सर, राग मानू नका, पण माझं काय कमी पडलं ते सांगितलंत तर पुढच्या वेळी सुधारता येईल.’

मला उत्तर देता आलं नाही. कारण कमी काही पडलंच नव्हतं. मी ‘तयारी चालू ठेवा’ असलं काहीतरी बोललो आणि गाडी लागली म्हणून सुटलो. तिएरीच्या स्काईपवरचा तो सभ्य आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो मला ओळखीचा वाटला.

असो. चित्रपटाकडे येतो.

या सगळ्यातला मला सर्वांत क्रूर वाटलेला प्रसंग पुढेच आहे. बेकारांचा एक वर्ग भरलाय. तिएरीच्या एका सराव मुलाखतीचं चित्रीकरण पडद्यावर लावलंय, आणि बाकीच्या बेकारांनी त्याच्यावर मत द्यायचंय. एकजण म्हणतो, पाठीतून वाकून बसलाय. दुसरी म्हणते, हसत नाही. शर्टाचं बटण उघडं आहे. नजर देत नाही. आवाज पडलेला आहे. कुणी दुष्टपणाने बोलत नाही, सगळे मदत करतायत, आणि हे बोलणारे उद्या त्याच खुर्चीत बसणारे आहेत. तिएरी ऐकतो आणि हो, हो, बरोबर आहे म्हणतो.

इथे मला सिमोन द बोव्हार आठवतात. बोव्हारबाईंचं स्त्रीवरचं पुस्तक सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांनी १९७० साली म्हातारपणावरही एक जाडजूड ग्रंथ लिहिला, तो कमी वाचला जातो. त्यांचा एक मुद्दा असा, की म्हातारपण आपल्याला आतून कळत नाही. ते बाहेरून कळतं. दुसऱ्याच्या नजरेतून आपल्यावर येऊन पडतं. मी स्वतःला आतून तोच असतो, आणि एक दिवस बसमध्ये कुणीतरी ‘आजोबा, बसा’ म्हणतं, आणि मी मागे वळून बघतो की आजोबा कोण.

आपल्या परंपरेत या गोष्टीची उलटी बाजू आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाची वेळ सांगितली आहे. सुरकुत्या आणि पिकलेले केस दिसले, नातवंड झालं, की वनात जावं. मी मनूचा चाहता नाही, आणि ज्यांना त्या व्यवस्थेत कुठलाच आश्रम नव्हता त्यांचा विचार तिथे नाहीच. पण एक गोष्ट बघा. तिथे सुरकुत्या गृहस्थाने स्वतःच्या स्वतः बघायच्या आहेत. ‘पुरे आता’ हे त्याने ठरवायचंय. बाजारात तुमच्या सुरकुत्या दुसरा बघतो, आणि तोच ठरवतो. तिएरीच्या त्या वर्गात त्याच्या खांद्याचा वाक सगळ्यांना दिसतो, त्याला एकट्याला दिसत नव्हता. आता दिसेल. आणि एकदा दिसला की पुढच्या मुलाखतीला तो आणखी वाकून बसेल.

आता थोडं तत्त्वज्ञान. कंटाळू नका, सोपं करून सांगतो.

एक आक्षेप असा घेतला जातो, आणि तो मूर्ख माणसं घेत नाहीत, चांगली विचारी माणसं घेतात. म्हणे वयाचा भेदभाव हा खरा भेदभावच नव्हे. काळा माणूस गोरा होत नाही, दलिताचा ब्राह्मण होत नाही, पण तरुणाचा म्हातारा होतोच. सगळ्यांचीच पाळी येते. तरुणपणी तुम्ही फायदा घेतलात, आता तोटा सोसा. सगळं आयुष्य धरलं तर हिशेब सारखाच. अमेरिकी तत्त्वज्ञ नॉर्मन डॅनियल्स यांनी १९८८ सालच्या पुस्तकात याची फार रेखीव मांडणी केली. त्यांच्यापुढे मुख्य प्रश्न आरोग्यसेवेच्या वाटपाचा होता, आणि तिथे तो विचार बराचसा पटतोही. पण तोच विचार नोकरीला लावला की बघा काय होतं.

कोर्टांनी तो लावलेला आहे. १९७६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पोलीस दलातले अधिकारी रॉबर्ट मर्जिया यांचं प्रकरण आलं. नियम होता पन्नासाव्या वर्षी सक्तीची निवृत्ती. मर्जिया काही महिन्यांपूर्वीच वैद्यकीय तपासणीत ठणठणीत ठरले होते. न्यायालयाने नियम कायम ठेवला, आणि एक कारण हेच दिलं, की म्हातारपण ही कुणा वेगळ्या गटाची ओळख नव्हे, आपण सगळेच जिथे पोचणार असा तो टप्पा आहे. एकटे न्यायमूर्ती थर्गुड मार्शल विरोधात गेले. वंशभेदाविरुद्ध आयुष्यभर लढलेला तो माणूस होता, आणि वयस्काची नोकरी गेली तर ती परत मिळणं किती अवघड, हे त्यांनी लिहून ठेवलं.

आपल्याकडे १९८१ साली नर्गेश मिर्झा प्रकरण झालं. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पस्तिसाव्या वर्षी निवृत्त करत. किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर. किंवा पहिल्यांदा गरोदर राहिल्या की. पस्तिशीनंतर मुदतवाढ द्यायची की नाही ते व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. आणि विमानातच काम करणारे पुरुष पर्सर अठ्ठावन्नपर्यंत नोकरीत! सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाचा नियम रद्द केला, संचालकांची मनमानी रद्द केली. लग्नाची अट मात्र ठेवली. आपल्या संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदात सरकारी नोकरीत ज्यांवरून भेद करायचा नाही अशा गोष्टींची यादी आहे : धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास. वय त्या यादीत नाही.

युरोपात वयाचा उल्लेख आहे बरं का. २००० सालच्या युरोपीय निर्देशात नोकरीतला वयावरून होणारा भेदभाव मना केला आहे. पण त्याच निर्देशात वयासाठी एक खास खिडकी उघडी ठेवली आहे : रोजगार धोरणासारखा वाजवी हेतू असेल तर वयावरून वेगळी वागणूक चालेल. अशी खिडकी तिथे धर्मासाठी नाही. म्हणजे तिएरीच्या देशात कायदा आहे, आणि त्याला फट पण आहे.

आता त्या ‘सगळ्यांची पाळी येते’ या युक्तिवादाकडे. मला तो ऐकला की आपल्याकडची सासू आठवते. सून सासुरवास सोसते. पंचवीस वर्षांनी तीच सासू होते आणि आपल्या सुनेला छळते. सगळं आयुष्य धरलं तर प्रत्येकीने सारखं सोसलं आणि सारखं सोसायला लावलं. हिशेब चोख! मग सासुरवास न्याय्य झाला का? कुणी शहाणा माणूस हो म्हणेल? न्यायाचा प्रश्न शेवटच्या बेरजेचा नसतो. आज, या स्वयंपाकघरात, या दोन बायकांमध्ये काय चाललंय, याचा असतो. तसंच मुलाखतीच्या खोलीत. तिएरीला पंचविसाव्या वर्षी कुणी चटकन कामावर घेतलं असेल. त्याने आजच्या अपमानाची भरपाई होत नाही.

आणि हिशेबच करायचा तर तोही नीट करू या. एडवर्ड लेझिअर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७९ साली एक निबंध लिहिला, सक्तीची निवृत्ती का असते यावर. त्यांचं म्हणणं साधारण असं : पुष्कळ ठिकाणी तरुण कामगाराला तो कमावून देतो त्याहून कमी पगार मिळतो, आणि वय वाढल्यावर कमावून देतो त्याहून जास्त. म्हणजे तरुणपणी तो मालकाला उधार देतो आणि उतारवयात ती उधारी वसूल करतो. निवृत्तीचं वय ठरलेलं असतं ते ही वसुली कुठेतरी थांबावी म्हणून. लेझिअर यांनी हे सक्तीच्या निवृत्तीचं समर्थन समजावं म्हणून मांडलं. मी त्यातून उलटं वाचतो. अठ्ठावन्नला थांबण्याचा करार होता तर एक्कावन्नला बाहेर काढलेल्या माणसाचं काय? त्याची उधारी बुडाली! आणि वर नवीन मालक म्हणतो, तुमचा पगार फार आहे. तो पगार फार नव्हता हो, ती मागची बाकी होती. तेव्हा ‘तरुणपणी फायदा घेतलात’ हे अशा माणसाबद्दल चक्क खोटं आहे.

मराठीत ‘उमेदवार’ हा शब्द आहे ना, फारसीतून आलेला, उमेद बाळगणारा. आणि ‘उमेदवारी करणं’ म्हणजे बिनपगारी किंवा कमी पगारावर शिकत राहणं. वकिलाकडे उमेदवारी, छापखान्यात उमेदवारी. उमेदवारी एकदाच करायची असते. एक्कावन्नाव्या वर्षी बायोडेटा घेऊन उभा राहिलेला माणूस दोन्ही अर्थांनी पुन्हा उमेदवार होतो, आणि पहिल्या उमेदवारीचं कुणी विचारत नाही.

हे सगळं ‘बाजाराचा कायदा’च्या पहिल्या भागात आहे. लेझिअर आणि डॅनियल्स ही नावं न घेता आहे. बँकेतली बाई त्याला घर विकायचं सुचवते, आणि मग आयुर्विम्याबद्दल बोलते. जिवंतपणी त्याची किंमत उतरत चाललेली, आणि मेल्यावरची किंमत बँकेला महत्त्वाची! बाई मात्र गोडच बोलते. समुद्राकाठची त्यांची सुट्टीतली छोटी घरगाडी विकायला काढतात, गिऱ्हाईक घासाघीस करतं, आणि तिएरी एकदम अडून बसतो, देत नाही. व्यवहार म्हणून मूर्खपणा. पण तेवढी एकच वस्तू आहे जिची किंमत तो स्वतः ठरवू शकतो. हा प्रसंग मला फार आवडला.

आता जिथे माझं जमत नाही तिकडे येतो.

दुसऱ्या भागात तिएरीला काम मिळतं. मोठ्या सुपरमार्केटमध्ये सुरक्षारक्षकाचं. कोट घालून फिरायचं, कॅमेऱ्यांच्या पडद्यांवर नजर ठेवायची, चोर पकडायचे. गिरणी बंद पडल्यावर मुंबईत कितीतरी कुशल कामगार अशीच वॉचमनची कामं करताना आपण पाहिले आहेत. तेव्हा हे चित्र आपल्याला परकं नाही. एक म्हातारा मांस चोरताना सापडतो. पैसे नाहीत, बोलवायला कुणी नाही. एक्कावन्न वर्षांचा माणूस त्या म्हाताऱ्यासमोर उभा आहे आणि त्याला आपलंच वीस वर्षांनंतरचं रूप दिसतंय. तिथपर्यंत ठीक.

मग कॅशिअर बायकांवर नजर ठेवायची वेळ येते. कारण व्यवस्थापनाला माणसं कमी करायची आहेत. एक बाई बरीच वर्षं काम करून निवृत्त होते, तिला गाणं म्हणून, भेट देऊन निरोप देतात. पण तेवढ्याने आकडा भरत नाही. मग दुसरी एक जुनी कर्मचारी सवलतीची कुपनं ठेवून घेताना पकडली जाते, तिला काढतात, आणि ती कामाच्या जागीच आत्महत्या करते. वरच्या कचेरीतून मनुष्यबळ विभागाचा माणूस येतो आणि सगळ्यांना सांगतो, की तिच्या आयुष्यात इतरही अडचणी होत्या, कुणी स्वतःला दोष लावून घेऊ नका. शेवटी आणखी एक कॅशिअर क्षुल्लक गोष्टीवरून पकडली जाते, आणि तिएरी उठतो, बाहेर पडतो, गाडी काढतो आणि निघून जातो. चित्रपट संपला.

पुष्कळांना हा शेवट माणुसकीचा विजय वाटतो. इंग्रजी नाव ठेवणाऱ्यालाही तसंच वाटलेलं दिसतं, म्हणून ‘माणसाचं मोजमाप’. माझी तक्रार इथेच आहे. पहिल्या भागात प्रश्न न्यायाचा होता : या माणसाला काम का मिळत नाही? दुसऱ्या भागात प्रश्न सदसद्विवेकाचा झाला : हा माणूस हे घाणेरडं काम करील का? दुसरा प्रश्न नाट्याला सोयीचा आहे. त्यात एक माणूस एकटा निर्णय घेऊ शकतो. पहिल्या प्रश्नात एकट्याने करण्यासारखं काहीच नसतं, म्हणून तो पडद्यावर टिकवणं कठीण. ब्रिझेने तो चाळीसेक मिनिटं टिकवला आणि मग सोडला. तिएरी निघून गेला तेव्हा प्रेक्षकाला हलकं वाटतं. मला नाही वाटलं. मी म्हटलं, अरे, सोमवारी तू पुन्हा त्याच रोजगार कार्यालयात बसणार आहेस. मुलाच्या शिक्षणाचं काय? आता तर बायोडेटात ‘नोकरी मध्येच सोडली’ असंही लिहावं लागेल.

त्याच्या पुढच्याच वर्षी केन लोच यांचा ‘आय, डॅनियल ब्लेक’ आला. त्यात एकोणसाठ वर्षांचा सुतार आहे, हृदयविकार झालेला. तो चित्रपट जास्त गाजला, कानचं सर्वोच्च पारितोषिकही मिळालं. पण तिथे शत्रू दिसतो, खडूस कार्यालय दिसतं, आपल्याला रागावता येतं. ब्रिझेच्या पहिल्या भागात रागवायला कुणी नाही, आणि म्हणून तो मला अधिक खरा वाटतो.

दुसरी तक्रार बायकांची. त्या आत्महत्या केलेल्या बाईची कहाणी आपल्याला कुणाकडून कळते? ज्यांनी तिला काढलं त्यांच्याकडून. पन्नाशीच्या आसपासच्या बाईला नोकरी शोधताना काय भोगावं लागतं, ते तिएरीच्या दुप्पट असतं, कारण तिच्या सुरकुत्या बाजाराला पंधरा वर्षं आधीच दिसायला लागतात. नर्गेश मिर्झांना विचारा. चित्रपटात अशा बायका भरपूर आहेत, कॅशच्या रांगेत बसलेल्या, आणि एकीच्याही घरी कॅमेरा जात नाही. तिएरी बायकोबरोबर नाच शिकतो ते दृश्य सुंदर आहे. पण ती बाई दिवसभर काय विचार करते, ते शेवटपर्यंत कळत नाही.

आपल्या नाटकांनी तरी काय केलं? ‘नटसम्राट’पासून ‘संध्याछाया’पर्यंत आपल्याकडचं उतारवय म्हणजे मुलं. मुलांनी बघितलं नाही, मुलं परदेशी गेली. रंगमंचावर दिवाणखाना आणि रिकामी खुर्ची. घराबाहेर, कामाच्या बाजारात, उतारवय आपल्याकडे फारसं आलंच नाही. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये संपानंतरचं गिरणगाव आलं, पण तिथेही डोळा मुख्यतः तरुण पोरांवर. बावन्न वर्षांचा तासिकेवरचा मास्तर, पुण्यातल्या कुठल्या आयटी कंपनीने अठ्ठेचाळीसला घरी बसवलेला मॅनेजर, ही माणसं अजून नाटकाच्या बाहेर उभी आहेत. कदाचित तेही ‘आम्ही कळवू’ची वाट बघत असतील.

आता एक शंका, जी इथे पुढे बसलेल्या तरुण मंडळींच्या डोळ्यांत मला मघापासून दिसतेय. सर, तुम्ही म्हातारे जागा अडवून बसलात तर आम्ही कुठे जायचं? प्रश्न रास्त आहे. पण त्या कॉलेजमध्ये पदं एकाच्या जागी चार भरली असती तर तो एकोणतिशीचा आणि हा बावन्नचा, दोघे एकाच स्टाफरूममध्ये बसले असते. पदं रोखणारा तिसराच कुणी होता. आम्ही दोघांना एकमेकांसमोर उभं केलं आणि मग निवाडा करायला बसलो. आणि त्यातला एक निवाडा तर आम्ही खोटं कारण देऊन केला. त्या दिवशी समितीच्या कागदावर कारण लिहायची सक्ती असती तर? ‘वय’ असं लिहायची कुणाची हिंमत झाली नसती. मग दुसरं काय लिहिलं असतं? अनुमानावरच्या त्या उत्तरानंतर मला काहीच लिहिता आलं नसतं. निवड समित्यांनी प्रत्येक नाकारलेल्या उमेदवाराचं कारण लेखी द्यावं, आणि मागितलं तर त्याच्या हातात द्यावं, एवढी साधी मागणी मी गेली काही वर्षं जिथे बोलावतील तिथे करतो. दोन प्राचार्यांनी मला सांगितलं, सर, अहो कोर्टकज्जे होतील. होऊ देत की!

बराच वेळ घेतला. दिवे लावा जरा. आता प्रश्न घेऊ, आणि पहिला प्रश्न पन्नाशी ओलांडलेल्या कुणाचा असू दे.